भिंतीवरच्या बैलाला आवतन

'अमानवीय' वगैरे ऐकलं की मला हसू येतं, हे आधीच सांगून टाकते. चिखलीत आमच्या आळीतल्या चिंचेवर म्हणे कोण कोण राहायचं... मी त्याच झाडाखाली चिंचा खात दहावीचा अभ्यास केला! जुन्या भित्तिचित्रांची सफाई आणि दुरुस्ती हा माझा धंदा. पडक्या, अंधाऱ्या जागांवरच पोट आहे, तिथे भिऊन कसं चालेल? तरीपण... असो, ऐका.

संग्रामपूरहून सातपुड्याकडे जाताना एक गाव लागतं (नाव देत नाही, नाहीतर रील काढणारे पोचतील). तिथल्या जुन्या मठात आतल्या भिंतींवर चित्रं आहेत, आणि जनावरांनी त्यांची जी दैना केली होती — अरे देवा! वर वटवाघळांची घाण. खाली शेळ्यांनी खारट गिलावा चाटून चाटून मिरवणुकीतल्या माणसांचे पायच गायब केलेले. मधोमध मात्र एक पांढरा बैल, मान जरा वळवून आपल्याकडे बघणारा. इतका गोड, की पहिल्याच दिवशी मी त्याच्या प्रेमात पडले. त्याच्या खांद्यावर तेलकट, काळपट पिवळा डाग होता. मी नोंद केली: नुकसानीचं कारण, गुरांनी अंग घासणे.

मठाची किल्ली गुलाबकाकांकडे असते. त्यांना मी हे वाचून दाखवलं तर ते चक्क रुसले.

"गुरं नाई वो मॅडम. आमीच घासलं ते."

म्हणजे झालं असं होतं — पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. काकांच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या या चित्रातल्या बैलाचाही खांदा चोळत आलेले! मी कपाळावर हात मारला. वर काकांचा सल्ला, "मंजन लावून पाहा ना. आमची पितळेची भांडी लखलख निंगतेत."

मी हसले खरी, पण प्रकरण गंभीर होतं. खांद्याचा गिलावा भिंतीपासून सुटला होता, बोटानं वाजवला की पोकळ आवाज यायचा. आत सिरिंजनं पातळ चुना भरला, तर पावसाळी हवेत तो सुकेना. वरून कागद चिकटवून गिलावा धरावा, तर तुपामुळे कागद चिकटेना. खांदा निसटला असता तर ती वळलेली मानही गेली असती. मला जेवण जाईना.

त्यात पोळा आला. आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, काका तुपाची वाटी घेऊन दारात हजर!

"काका, आता थेंबभरही नाही हं. हात लावला तर पडेल तो."

काकांचा चेहरा एवढासा झाला. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी स्वतःची जोडी विकून टाकली होती. "गोठा खाली झाला, माय," ते म्हणाले. "आता हाच एक राह्यला. याले आवतन नाई देल्लं, तं उद्या कोन्त्या तोंडानं पोळी खाऊ मी?"

मला भरूनच आलं. म्हटलं, काका, आवतन तुम्ही दारातून द्या, हात मी ठेवते, कोरडा आणि अलगद.

"चालन," काका म्हणाले. "पन आंधी आवाज दे त्याले. न सांगता हात लावला तं जनावर बिचकते."

"काका, भिंत आहे ती!"

"हाव. पन आवाज दे."

द्यावाच लागला. "मी आहे रे राजा," असं पुटपुटत मी तळहात टेकवला. मागे काका म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आणि माझ्या हाताखाली कातडी थरथरली.

माशी उडवायला बैल खांद्याची कातडी हलवतो ना, अगदी तश्शी. ऊबही लागली. मला वाटलं, संपलं, पडला गिलावा! पण एक कणसुद्धा खाली आला नाही. मी वळायच्या आत काकांनी विचारलं, "हालवली ना त्यानं कातडी?" त्यांना तर माझी पाठच दिसत होती.

पोळ्याच्या सकाळी काकूंनी पुरणपोळीचं ताट मठाच्या दारात ठेवलं. मी भीत भीत खांदा वाजवला... भरीव आवाज! सगळीकडून वाजवला, पोकळी कुठेच नाही. ज्यांच्या हाताखाली हे काम शिकले त्या आमच्या सरांना फोन करून सगळं सांगितलं, तर म्हणे, "चुना बसला असेल." एका रात्रीत? भर पावसाळ्यात? मग "तू नीट वाजवलं नसशील" झालं. शेवटी सर स्वतः आले, बराच वेळ वाजवत बसले, आणि चहा मागितला.

मला अजूनही काही उलगडा झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा. नोंदीतलं 'गुरांनी अंग घासणे' मी खोडलंय, पण त्या जागी काय लिहू? 'लाड'?

यंदा तपासणीला सर सोबत होते. काकांनी कुलूप काढलं, आम्ही बैलापाशी गेलो. मी काही बोलणार, तेवढ्यात सरच हात पुढे करता करता थांबले, घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, "आम्ही आहोत रे."