बिनपात्याचा रेझर

शनिवार पेठेतल्या त्या दुकानदाराची मला हल्ली भीती वाटते. धायरीतले जमिनींचे सौदे मी भांडून मिटवले, पण हा दाढीच्या साबणाच्या वडीवरही रुपया सोडत नाही. घासाघीस केली की चष्म्यावरून बघत म्हणतो, "परवडत नसेल तर दाढी वाढवा."

जुन्या पद्धतीचा सेफ्टी रेझर विकताना तो आधी पातं न घालता हातात देतो आणि आरशासमोर गालावरून फिरवायला लावतो. परवा भावावरून भांडून मी तो तावातावानं गालाला लावला. रेझर एका जागी ठरेना.

"अहो, हात थरथरतोय आपला."

"रागानं थरथरतोय. पात्यांचं पाकीट काढा."

त्यानं रेझर काढून घेतला, पुसून पेटीत ठेवला. "मग राग गेल्यावर या. आज विकणार नाही." आवाजात टोमणा नव्हता, तेच मला खटकलं.

गिऱ्हाईक परत पाठवतो म्हणजे काय! तणतणत कोपऱ्यावर चहा घेतला. वडिलांचा हात थरथरायला लागला, तेव्हा तेही रागाचंच नाव सांगायचे. माझा राग केव्हाच निवला होता. चहा मात्र बशीत सांडतच होता.