संपावरच्या बाईचा फोटो

चंद्रभागा गांगुर्डे ही वणीजवळच्या एका गावाची आशाताई. गरोदर बायका, बाळांच्या लसी, क्षयाचे पेशंट, घरोघरचे सर्व्हे, सगळं तिच्या गळ्यात. गावाला वाटतं बाई सरकारी नोकर आहे, पगार खाते. सरकारदरबारी मात्र ती स्वयंसेविका. म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला, आणि तोही यांच्या सवडीनं. बाईला उन्हातान्हात पिदडायचं आणि वर तोंड करून म्हणायचं, तुम्ही तर सेवा करता. सेवेवर गॅसची टाकी मिळत नाही, एवढंही या लोकांना कळत नसेल असं नाही. कळतं, म्हणूनच चीड येते.

यंदा मोबदला फारच रखडला, तेव्हा जिल्ह्यातल्या आशा संपावर गेल्या. त्यांची पुढारी लताबाई. कुणीही फुटायचं नाही, असा शब्द तिनं सगळ्यांकडून घेतला. सगळ्यांत मोठ्यानं 'हो' म्हणाली ती चंद्रभागाच.

आणि दोनच दिवसांत द्राक्षबागेतून निरोप आला. सुरगाण्याकडून द्राक्षतोडणीला आलेल्या हर्षालीला कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण, अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. सरकारला आणि स्वतःलाही शिव्या घालत चंद्रभागेनं चपला पायात सरकवल्या.

"ताई, तुमचा संप हाय ना?" हर्षालीच्या सासूनं भीत भीत विचारलं.

"संप सरकारसंगं हाय. या पोरीनं माझं काय घोडं मारलंय?"

बागवाल्याच्या पिकअपमध्ये गोधडी अंथरून तिनं हर्षालीला आरोग्य केंद्रात नेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तिथल्या डॉक्टरांनी, प्रफुल्ल साहेबांनी, बाळ चंद्रभागेच्या हातात देऊन कौतुकानं फोटो काढला. तीही हसली बिचारी.

संध्याकाळी तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. 'संप मोडून आशाताई कामावर हजर. इतरांनीही आदर्श घ्यावा.' पाठोपाठ लताबाईचा फोन आला.

"चंद्रे, तुझा फोटो दाखवून बाकीच्यांना धमकावायला लागलेत. दोघी तर गेल्यासुद्धा कामावर."

चंद्रभागेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळीच ती केंद्रात जाऊन उभी राहिली.

"साहेब, कालच्या बाळंतपणाचा मोबदला माझ्या नावावर टाका."

"ताई, संपातलं काम धरता येत नाही," साहेब समजुतीनं म्हणाले. "रेकॉर्डला तुम्ही कामावर नव्हता."

तिनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "मग ही कोण बाई हाय?"

साहेबांनी चष्मा पुसला. पुढच्या महिन्यात महिला दिन आहे, शाल-श्रीफळ देऊन तुमचा सत्कार करू, म्हणाले.

"शाल तुमच्या खुर्चीला पांघरा," चंद्रभागा म्हणाली, आणि तडक नाशिकची एसटी धरली.

लताबाईला तिनं सगळं सांगितलं. लताबाई आधी चिडली, मग उठून तिला घेऊन फ्लेक्सवाल्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी गोल्फ क्लब मैदानातून मोर्चा निघाला. कामावर गेलेल्या त्या दोघीही परत आल्या होत्या. सर्वांत पुढे चंद्रभागा, हातात तिचाच भलामोठा फोटो, बाळासकट. खाली लिहिलं होतं: ही बाई कामावर नव्हती, असं साहेब म्हणतात.