बाबांच्या आवाजाचा बदललेला ठसा

भूतबित, करणी असलं काही ऐकलं की मी हसणाऱ्यांतली. आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात असे किस्से चहाच्या टपरीवर रोज मिळतात. मी कम्प्युटरवाली बाई... चूक सापडेपर्यंत शोधायची, एवढंच मला येतं. म्हणूनच हे लिहायला इतके महिने लागले.

पुण्याच्या एका कंपनीचं काम मी घरून करते. घरी आई, बाबा आणि मी. मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे एका लायब्ररीची – म्हणजे इतर प्रोग्रामर वापरतात त्या तयार कोडची – साफसफाई आली. त्यात हॅश फंक्शन्स होती. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी ठसा पार वेगळा येतो. ही सगळी फंक्शन्स सुरुवातीलाच लोड व्हायची, आणि त्यातलं एखादं मशीनवर चाललं नाही की अख्खी लायब्ररी बंद पडायची. जे मागितलं तेवढंच लोड व्हावं, असं मला करायचं होतं.

तपासणीसाठी हाताशी होत्या त्या फाइली घेतल्या आणि त्यांचे ठसे आधीच काढून ठेवले. त्यात बाबांचा एक जुना व्हॉइस मेसेज होता. बाबा आठवडी बाजारात भांडी विकायचे. "सुनी, कटंगीहून निघालो. आईले सांग, जेवायले घरीच येतो." बस, एवढाच.

दुपारी नवा कोड चालवला. सगळे ठसे जुळले, बाबांचा सोडून. माझीच चूक असणार म्हणून जुना कोड परत लावला. तरी तेच! फोनमधल्या मूळ मेसेजचा ठसा मात्र बरोबर येत होता. म्हणजे कोड ठीक होता... लॅपटॉपमधली फाइलच बदलली होती.

हेडफोन लावून ती ऐकली. आवाज बाबांचाच, पण दमलेला.

"सुनी, पंखा बंद कर न बाई. लय थंडी वाजून राह्यली."

हे बाबा कधीच बोलले नव्हते. मी फाइल सोबत काम करणाऱ्या अनिकेतला पाठवली. त्यालाही तेच ऐकू आलं. "कुठलं तरी जुनं रेकॉर्डिंग मिसळलं असेल," तो म्हणाला.

मी तशीच उठून बाजारात बाबांच्या दुकानावर गेले. ते गिऱ्हाइकाशी हसत बोलत होते.

"बाबा, चला, डॉक्टरकडे जाऊ."

"काहून? मले का झालं?"

"माझ्यासाठी चला."

मी हट्टाने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सगळं ठीक निघालं. बाबांनी आईजवळ माझी थट्टा केली, "पोरगी कम्प्युटर पाहू पाहू येडी झाली."

पुढच्याच आठवड्यात बाजारात माल उतरवताना बाबा कोसळले. मेंदूत रक्तस्राव. गोंदियाला नेलं. संध्याकाळी थोडा वेळ शुद्ध आली तेव्हा मी एकटीच जवळ होते. त्यांनी माझा हात धरला... आणि तेच वाक्य बोलले. शब्द न् शब्द, तोच दमलेला आवाज. त्या खोलीत पंखाच नव्हता. मी भिंतीवरचं एक बटण उगाच दाबलं आणि म्हटलं, "केला बाबा, बंद केला."

"हौ," म्हणाले. त्यानंतर काही बोलले नाहीत.

बाबांच्या तेरवीनंतर अनिकेतला त्यांचे शेवटचे शब्द सांगितले. मी ती फाइल पाठवली होती तो मेसेज काढून त्याने वरची तारीख पाहिली. बाबा कोसळायच्या आधीच्या आठवड्यातली. आता तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

लॅपटॉप दोन जाणकारांना दाखवला. हार्ड डिस्क चांगली आहे, व्हायरस नाही. माझा नवा कोड केव्हाच वापरात गेला, कुठे कसली तक्रार नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला यामागचं काही कळत असेल तर सांगा. मला आजही कळलेलं नाही.

मागच्या आठवड्यात त्याच फाइली घेऊन पुन्हा टेस्ट चालवावी लागली. बाकी सगळे ठसे जुळले. बाबांच्या त्या फाइलचा मात्र पुन्हा बदललाय. पहिला नाही, दुसराही नाही... तिसराच.

मी ती अजून ऐकलेली नाही. आत आवाज बाबांचाच असेल, की आणखी कुणाचा, हेही माहीत नाही. घरात आता मी आणि आई, दोघीच आहोत.