दम घेईपर्यंत थांबणारी पेटी

डोमाजीभाऊ गेले, हे मला सिंदेवाहीच्या बाजारात कळलं, तेही वांगी निवडताना. त्यांच्या गावचा एक जण शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “तुमचे पेटीवाले गेले ना भाऊ, परवाच्या दिशी.” ‘तुमचे’ म्हणाला तो. मी पिशवी खाली टेकवली आणि निवडलेली वांगी परत टोपलीत ठेवली...

आमच्या भागात धान कापून झालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. बांधीत, म्हणजे रिकाम्या झालेल्या धानाच्या शेतात, मंडप पडतो, चार गावची माणसं बैलगाड्या सोडून बसतात. आमच्या मंडळीत मी बाईचं काम करायचो आणि डोमाजीभाऊ पायपेटी वाजवायचे. मिशा काढून लुगडं नेसलेल्या मला पहिल्या दिवशी ते जे “बाई” म्हणाले, ते कायमचंच. माझ्या सासऱ्यांसमोरसुद्धा त्यांनी भर रस्त्यात विचारलं होतं, “काऊन बाई, घसा बसला का?” सासरे आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

वाजवताना ते पट्ट्यांकडे बघत नसत, माझ्या गळ्याकडे बघत. पदात मध्येच माझा दम संपला की ओळ अर्धी राहायची. मी श्वास घेईपर्यंत ते सूर धरून ठेवायचे, पाय खाली चालूच. लोकांना वाटायचं, काय नजाकतीनं थांबला गडी. पस्तिशीनंतर तर माझं गाणं त्यांच्याच भरवशावर होतं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक. गळा गेला की लुगडं गेलं, आणि ते सोडायची माझ्या जिवाची तयारी नव्हती.

मग भोंगा आला. ब्रह्मपुरीचा एक जण बॅटरीवरचा भोंगा आणि गाण्यांच्या तबकड्या घेऊन मंडयांतून फिरू लागला. शेजारच्या मंडळीनं तो लावला आणि गर्दी तिकडे वळली. आमच्या लोकांनीही ठरवलं, यंदा भोंगा. आमची पदं काही तबकडीवर नव्हती. मिळतंजुळतं गाणं लावायचं आणि मी ओठ हलवायचे. दुसऱ्याच्या गळ्यानं रडायचं माझ्या जिवावर आलं होतं. डोमाजीभाऊंना सांगायला कुणी धजेना, शेवटी मीच गेलो. ते शांतपणे म्हणाले, “बरं झालं. आजवर तुहा गळाच पाह्यला, नाटक कुठी पाह्यलं?”

त्या सालच्या नाटकात बाळ गेलेल्या आईचा प्रवेश होता. मेलेल्या बाळाचा प्रवेश तालमीत पुरा करायचा नाही, अशी आमच्याकडे रीत, अपशकुन मानतात. त्यामुळे गाणं किती वेळ पुरेल, हे कुणी बघितलंच नव्हतं. एरवी बाळ मांडीवरून खाली ठेवेपर्यंत भाऊ पद लांबवत न्यायचे. तबकडीला ते कुठून कळणार? बाळ अजून माझ्या मांडीवर, माझे ओठ हलताहेत आणि गाणं संपलं. भोंग्यातून नुसती सुईची खरखर येऊ लागली. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात प्रेक्षकांतल्या पुढच्या पोत्यावरून सूर आला. डोमाजीभाऊ तोंडानं सूर धरून बसले होते. आवाज मुळात चिरका, पण जागा अचूक. मी आमच्या जुन्या पदाची शेवटची ओळ उचलली. मी दम घेतला तेव्हा ते त्याच सुरावर थांबून राहिले. मागचं हसू विरलं. बाळ खाली ठेवलं तेव्हा समोरच्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या.

एवढं होऊनही पुढच्या साली भोंगाच आला. लोकांचंही काय चुकलं, पार शेवटच्या बांधापर्यंत ऐकू जायचं. मीच चिडून भाऊंकडे गेलो. ते म्हणाले, “मशीनले दम लागत नाई, बाई. मंग तिले तुहा दम कसा समजन?” त्यानंतर मी लुगडं नेसलं नाही. टाळ्यांची आता हौस उरली नाही. मला त्यांचं ते थांबणं हवंसं वाटतं. घरात एकटा गुणगुणतो, ओळीच्या मध्यात दम तुटतो आणि पुढे सगळं रिकामं असतं...

तेरवीला गेलो. पाहुणे पांगल्यावर त्यांच्या पत्नीनं, सगुणाबाईंनी, पायपेटीवरचं फडकं काढलं. “एक पद म्हणा ना, भाऊ.”

“वाजवील कोण?” मी विचारलं.

तेव्हा कळलं, शेवटच्या वर्षी भाऊंचे पाय सुजले होते. ते वर पट्ट्यांवर बोटं ठेवायचे आणि सगुणाबाई जमिनीवर बसून पायाच्या फळ्या हातांनी दाबायच्या. त्या तशाच खाली बसल्या. मी एक पट्टी दाबून धरली आणि त्या आईचंच पद सुरू केलं. दुसऱ्या ओळीच्या मध्यातच दम तुटला. मी बोट उचलायला लागलो.

सगुणाबाईंचे हात चालूच होते. वर न बघता त्या म्हणाल्या, “बोट नोका उचलू, भाऊ. घ्या दम.”