सुनेचं पातेलं, माझी मूठ

सुक्या मिरच्या भाजल्याचा वास आला की मला मुलाचं स्टुटगार्टचं स्वयंपाकघर आठवतं. मेक्सिकन सून मिरच्यांच्या लालभडक रश्शात गोमांस शिजवत होती आणि मुलगा पातेल्याभोवती घुटमळत होता. माझ्या पुरणपोळीसाठी कधी घुटमळला नव्हता मेला! सून खिडकी उघडायला वळली, तेवढ्यात साठीला टेकलेल्या या शहाणीने पुण्याहून आणलेली लवंगी मिरचीची पूड मूठभर आत लोटली. मला थोडंच खायचं होतं! दुसऱ्याच घासाला मुलगा नळाकडे पळाला. सुनेने मात्र माझ्यावर नजर रोखून, घाम पुसत, अख्खी ताटली संपवली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, तिखट मस्त. उद्या तुमचं वरण मी करते." अजूनही तिच्या हातचं वरण मी आधी मुलाला चाखायला लावते.