डाव्या बाजूची दरी

मुलांनो, फोनवर हा विषय काढला की तुमचे आजोबा शेजारून दुसरंच काहीतरी सुरू करतात, म्हणून लिहिते आहे. तुमच्यातला थोरला आता पुण्यात गाडीचं लायसन्स काढतोय, तेव्हा आणखी थांबून चालणार नाही.

आजोबांनी गुडघ्यांमुळे गाडी सोडली, असं आम्ही तुम्हाला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी आम्ही पापाटोएटोच्या घरून आमची गाडी घेऊन न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर गेलो. ओटागोच्या डोंगरात, सोनं शोधायला आलेल्यांसाठी कडा फोडून काढलेला एक कच्चा रस्ता आहे. जेमतेम एका गाडीपुरता. वाटेत गंजलेले पाइप, छप्पर उडालेलं दगडी घर आणि काही थडगी लागली. बरीचशी विशी-पंचविशीतल्या मुलांची, नदीत बुडालेल्या.

परतताना दरी आमच्या डाव्या हाताला होती. एका वळणावर समोरून मेंढ्यांचा ट्रेलर ओढत एक शेतकरी आला. त्याला मागे जाणं शक्य नव्हतं. रिव्हर्स आम्हालाच घ्यायचा होता. मी उतरले आणि आपल्याकडे उभं राहतात तशी मागे, दरीच्या बाजूला उभी राहून म्हणू लागले, "येऊ द्या, येऊ द्या." मग थांबण्यासाठी हात वर केला. गाडी येतच राहिली. डिकीवर जोरात थापा मारल्या तेव्हा कुठे थांबली. मागचं डावं चाक अर्धं काठाबाहेर होतं.

"अहो, हात करत होते मी. आरशात बघत होतात ना?"

"बघत होतो. त्या बाजूचं दिसत नाही मला. डावा डोळा गेलाय."

"कधी?"

"झालं वर्ष. काचबिंदू."

शेतकऱ्याने खिडकीशी येऊन विचारलं, "ऑल गुड, मेट?"

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे एकदम ठीक, असं आजोबा इथल्यांसारखं म्हणाले आणि गाडीतून उतरून चावी त्याच्या हातात दिली. आमची गाडी त्यानेच मागे नेली.

पुढे मी चालवत होते. पंचवीस वर्षं फार्मसीत उभं राहून लोकांना काचबिंदूचे थेंब देताना "एकही दिवस चुकवू नका" असं बजावणारा हा माणूस स्वतः डॉक्टरकडे फार उशिरा गेला होता.

"मला का नाही सांगितलंत?"

"चाव्या काढून घेतल्या असत्यास."

"घेतल्याच असत्या."

ते वर्षभर मोटरवेवर मी त्यांच्या डाव्या बाजूलाच बसत होते.

त्यांच्या वडिलांनाही शेवटी दिसत नव्हतं. घरात सगळे त्याला म्हातारपण म्हणत. हा आजार घराण्यात उतरतो. तुमच्या आईला मी वेगळं लिहिलं आहे. तुम्ही दोघंही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. नुसता चष्म्याचा नंबर काढून येऊ नका, काचबिंदूची तपासणी करा असं स्पष्ट सांगा.

हे पत्र जातंय हे आजोबांना ठाऊक आहे. सकाळपासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. डाव्या डोळ्याने आता काहीच दिसत नाही. उजव्याची फक्त मधली नजर शिल्लक आहे. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्यांना अजून दिसतो.