नानांनी पसंत केलेली गाडी

मोटारसायकल दाखवायला नेली की भडगावचे नाना मिस्तरी आधी ती आडवी पाडत आणि म्हणत, "आते उचल." ज्याला उचलता येईल त्याच्याशीच पुढचं बोलणं. गाडी शिकणारा पडणारच, हे ते इतक्या आनंदाने सांगत की लग्नाचं आमंत्रण वाटावं.

मी नर्स. नेमणूक मिळाली साक्रीकडच्या डोंगरात, आणि तिथल्या पाड्यांवर एसटी जात नव्हती. "पंधरा दिवसांत गाडी शीक, नाहीतर नोकरीचं नाव काढू नकोस," वडिलांनी बजावलं. नोकरी तर मला हवीच होती. पण जळगावच्या शोरूममध्ये माझा जीव जडला तो एका लाल, वाकून बसायच्या गाडीवर. सोबत आलेल्या नानांनी तीही आडवी करायला घेतली. सेल्समन बिचारा ओरडतच धावत आला!

"पोरी, तू सुई टोचाले जाशी का शर्यत लावाले?" नानांनी विचारलं, आणि कोपऱ्यातली एक गाडी पसंत केली. गोल दिवा, सपाट सीट, जुन्या वळणाची, साधीसुधी. बसल्यावर माझे दोन्ही पाय टेकले.

"दूधवाल्याची दिसते," मी कुरकुरले.

"दूधवाला रोज घर वापस येस ना?"

झालं, तीच गाडी घेतली, कप्पाळ!

गिरणेकाठच्या मैदानात नानांकडून शिकताना मी अकरा वेळा पडले. दर वेळी नाना धावत यायचे ते आधी गाडीकडे. "तुनी कातडी आपोआप भरी येई. गाडीना रंग नही." अस्सा राग यायचा मला!

नानांना जाऊन वर्ष झालं. फार आठवण येते. शाब्बास असं ते मला कधी म्हणालेच नाहीत.

तर त्या वेळी, पंधराव्या दिवशी मी साक्रीकडे हजर व्हायला निघाले. दारात वडील उभे. एवढ्यात नाना हेल्मेट घालून मागे चढून बसले. "चाल."

धुळ्यापर्यंत त्यांनी माझं डोकं खाल्लं. गियर, ब्रेक, समोरचा ट्रक, मागचा ट्रक. धुळं सोडलं आणि मागे एकदम शांतता. मग पाठीवर धप्पकन भार आला. मी घाबरून गाडी कडेला घेतली.

"काय व्हयनं? उभी का राहिनी?"

"नाना, तुम्ही चक्क झोपलात?"

"मंग? चालवनारी तू शेस ना."

आणि त्यांनी पुन्हा माझ्या पाठीवर डोकं टेकलं.